तीन किलोंची तोफ

क्वानत्येन, १ जून

वन्सं,

कागदावर लिहिते आहे याचं नवल वाटून घेऊ नका. फोनवर काही लिहिलं की ते घराच्या ग्रुपवर जातं, आणि ग्रुपवर गेलं की माझ्याऐवजी युंग-शेनच उत्तर देऊन मोकळा होतो. मुलगा माझा, फोनही त्यानेच घेऊन दिलेला, पण तोंड अजून माझं मलाच आहे.

तुमच्या भावाच्या माघारी मी कॅमेरा हातात घेतला तेव्हा घरात सगळे म्हणाले, बरं झालं, मन रमेल. माझं मन रमलं, ते जरा जास्तच रमलं, आणि आता सगळ्यांना त्याचा त्रास होऊ लागला आहे. युंग-शेनचं म्हणणं असं की सप्टेंबरअखेर सूनबाई वेइ-निंग बाळंत होईल, दोघांनाही नोकऱ्या आहेत, तेव्हा मी घर बंद करून तायपेईला कायमचं राहायला यावं आणि बाळ सांभाळावं. वर म्हणतो, "आई, तुझी ती हलकी लेन्स आण की. इथल्या बागेत बुलबुल असतात."

ते ऐकलं आणि मला लख्ख कळलं. हलकी लेन्स ही पाहुणीची लेन्स आहे. पिशवीत घालायची आणि बोलावतील तिकडे जायचं. मी इथलीच असेन, तर मला सहाशेची, म्हणजे सहाशे मिलिमीटरची, लांबचं डोळ्यांपुढे आणणारी लेन्स हवी. तीन किलोंच्या वर भरते ती, शिवाय खाली ट्रायपॉड. ती घेऊन कुणी कुणाच्या घरी पाहुणं जात नाही.

शिंगाड्याच्या शेतांत पाणी भरलं आहे. वेली पसरतील तसे कमळपक्षी घरटी मांडतील. रस्त्याकडच्या बांधावर रांग लागायला सुरुवात झाली आहे. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा ही रांग नव्हती. तीसेक पुरुष असतात, बहुतेक निवृत्त झालेले, प्रत्येकापुढे सहाशेची किंवा आठशेची लेन्स. तिला ते तोफ म्हणतात. पहाटे येऊन स्टूल टाकून जागा धरायची. कुठे लिहिलेलं नाही, पण नियम पक्का आहे: तोफा पुढे, लहान लेन्सा मागे. मी मागे. माझ्या फोटोत पक्ष्याच्या अलीकडे नेहमी कुणाची तरी टोपी येते. रांगेचे म्होरके ओउयांग सर. आयुष्यभर दातांची डॉक्टरकी केली. माझ्या लेन्सकडे बघून म्हणतात, "काकू, हा दुधाचा दात कधी पडणार?" आणि सगळी रांग हसते.

ताइनानच्या दुकानदाराकडे एक वापरलेली सहाशेची आली आहे. आधी वापरून बघा म्हणतो. तुमचं मत कळवा. मी मत विचारते आहे, परवानगी नाही.

पी-यून

*

चिलुंग, ७ जून

पी-यून,

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा राग आला.

मत हवं ना? घे. नको घेऊस ती तोफ. तू तायपेईला जा असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझा राग त्या रांगेवर आहे. तीस म्हातारे बांधावर ठाण मांडून बसतात, पुढे कोण आणि मागे कोण ते ठरवतात, आणि तू काय करतेस? रांग मोडायची सोडून रांगेत पुढे बसायचं तिकीट काढतेस! मी इतकी वर्षं निवडणुकीच्या ट्रकवर उभी राहून भाषणं केली. भल्याभल्यांची तोंडं बंद केली. म्हणून काय ट्रक विकत घेतला?

आणि तुझा खांदा? मागच्या हिवाळ्यात तुला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते, शेजारीण येऊन विंचरत होती. त्या खांद्यावर आता तीन किलोंचं लोखंड घेणार? तुला माणसांनी दुधाचा दात म्हटलं म्हणून तू हाड मोडून घेणार? वा गं शहाणे!

तायपेईचा विचार मात्र एकदम झटकून टाकू नकोस. तुझ्यासाठी खोलीला फिकट हिरवा रंग दिला आहे, पूर्वेकडे खिडकी आहे, सकाळचं ऊन येतं. नातवंडाचं पहिलं वर्ष परत येत नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही, मी आपली वयाने मोठी म्हणून बोलते.

सोबत सणाचे झोंगझी पाठवते आहे, चिकट तांदळाचे पुडे. इकडच्या बायका तांदूळ आधी परततात आणि वर सणही साजरा करतात. हे आपल्या पद्धतीचे आहेत, पानात बांधून उकडलेले. चार दिवसांत संपव.

तुझी सू-चू

*

क्वानत्येन, १९ जून

वन्सं,

झोंगझी दोन दिवसांत संपले. धन्यवाद.

आता भांडूया. खोलीला फिकट हिरवा रंग दिला आहे हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. तेव्हा "मला कुणी काही सांगितलेलं नाही" हे वाक्य तुम्ही ट्रकवरून बोलला असतात तर खपलं असतं, माझ्याकडे खपणार नाही. युंग-शेनने तुम्हाला फोन केला. "आत्या, तुमचं ऐकते ती, तुम्ही सांगून बघा" असंच म्हणाला ना? त्याला सांगा, आत्याने सांगून बघितलं आणि आई दुकानात गेली.

होय, आणली. विकत नव्हे, वापरून बघायला. पहिल्या दिवशी गाडीतून बांधापर्यंत नेताना तीनदा खाली ठेवली. खांद्याबद्दल विचारू नका. मीही त्याला विचारत नाही.

पण त्या सकाळचं काय सांगू! बांधावर पोहोचले तर ते बेरकी म्हातारे एकदम उभे राहिले. "अरे, काकूंना तोफ आली! सरका, सरका!" ज्यांनी तीन वर्षांत मला कधी "बसा" म्हटलं नव्हतं त्यांनी थर्मासमधला चहा दिला. ओउयांग सरांनी माझं स्टूल स्वतः उचलून पहिल्या ओळीत, अगदी आपल्या शेजारी ठेवलं. म्हणाले, "काकू, अक्कलदाढ आली वाटतं!" मला राग यायला हवा होता. मला हसू आलं. वन्सं, खरं सांगते, मला फार बरं वाटलं. तुम्ही म्हणाल तिकीट काढलं. काढलं. पुढच्या बाकावरून शाळा वेगळी दिसते हे तुम्ही काय मला शिकवणार? तुम्ही कायम पुढेच होतात.

आणि दिसतं काय म्हणता! मानेवरचं सोनेरी पीस न् पीस. लांब बोटांनी पानावर पाय ठेवला की पान किती दबतं तेसुद्धा. घरट्यात चार अंडी, चकचकीत तपकिरी, आणि वर बसलेला बाप. आमच्याकडे अंडी बापच उबवतो, बाई दुसऱ्या घरट्याच्या तयारीला निघून जाते. युंग-शेनला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, आपण पक्षी नाही." मी म्हटलं, "हेच तर दुःख आहे."

फोटो सोबत आहे. ओउयांग सर म्हणतात, हा रांगवाल्यांच्या फोटो-मंडळाच्या प्रदर्शनात मधोमध लागणार.

पी-यून

*

चिलुंग, २७ जून

पी-यून,

पकडलंस. केला होता फोन त्याने. रडवेला झाला होता, मला पाझर फुटला. यापुढे फुटणार नाही.

फोटो बघितला आणि खोटं बोलायची सोय राहिली नाही. सुंदर आहे. मी तो जेवणाच्या टेबलावर उभा करून ठेवला आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. तुझ्या भाच्याने विचारलं, "हा स्टुडिओत काढला का?" इतका स्वच्छ आहे! चारी बाजूंना नुसतं निळंशार पाणी, मधोमध घरटं, जणू बशीत वाढून ठेवलं आहे.

आमच्या लहानपणी असं दिसत नसे गं. बाबांबरोबर शिंगाडे तोडायला लाकडी टबात बसून जायचे तेव्हा हात घातला तिकडे पानच पान. घरट्यावरून टब जाईल म्हणून बाबा पुढे काठी फिरवत. तरी अंडी दिसायची नाहीत, बाप उडाला की मग कळायचं. आता तुमच्याकडे शिंगाड्याची जात बदलली की काय? पातळ पानांची आली असेल.

तोफेबद्दलचं माझं मत कायम आहे. पण पूर्वीइतकं मोठ्याने सांगणार नाही.

सू-चू

*

क्वानत्येन, १६ जुलै

वन्सं,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.

जात बदललेली नाही. पानं तुम्ही तोडत होतात तशीच आहेत, जाड आणि दाट. तुमचं पत्र हातात धरून मी बांधावर गेले आणि पहिल्यांदाच लेन्समधून न बघता नुसत्या डोळ्यांनी शेताकडे बघितलं. सगळं शेत हिरवं आणि एकाच घरट्याभोवती, आमच्या रांगेच्या बरोबर समोर, पाण्याचा गोल. तीन आठवडे मी त्या गोलाच्या काठाशी बसून होते. लेन्समध्ये गोल दिसत नाही, वन्सं. लेन्समध्ये फक्त पक्षी दिसतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी, रांग यायच्याही आधी गेले. ओउयांग सर आलेले होते. लांब बांबूला विळा बांधून ते घरट्याजवळची पानं ओढून काढत होते. वेल लगेच पसरते, म्हणून दोन-चार दिवसांआड करावं लागत असणार. मी विचारलं, "सर, हे काय?" त्यांना लाजही वाटली नाही. म्हणाले, "थोडी साफसफाई. काकू, दात बघायचा तर ओठ बाजूला करावा लागतो."

"आणि ऊन? पानांखाली अंडी झाकलेली असतात."

"बाप आहे ना सावली धरायला!"

होता. दिवसभर पंख पसरून उभा होता, चोच उघडी टाकून धापा टाकत. मागच्या तीन आठवड्यांत मी त्या पसरलेल्या पंखांचे किती फोटो काढले असतील! रांग म्हणायची, "वा, काय मुद्रा आहे!" मीही म्हणायची. संध्याकाळी एक बगळा आला. त्याला काही शोधावं लागलं नाही. आपण बशीत वाढून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या सकाळी रांगेपुढे उभी राहिले आणि बोलले. तुमच्यासारखं बोलता आलं नाही, आवाज फाटला. कुणीतरी म्हणालं, "काकू, बसा, पुढचं घरटं बघू." कुणी म्हणालं, "चार अंडी गेली तर आभाळ कोसळत नाही." मग ओउयांग सर अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचा प्रदर्शनातला फोटो त्याच पाण्यातला आहे, काकू. विसरलात?"

त्याच दुपारी मंडळात गेले. फोटो प्रदर्शनातून काढून घेतला. माझं स्टूल कुणीतरी उचलून मागे, रस्त्याच्या गटाराशी ठेवलं होतं. तोफ दुकानात परत केली. माझ्या डोळ्याला तिने झापड लावली. पुढे बसवलं आणि आंधळं केलं. तुम्ही बरोबर होतात.

युंग-शेनला कळवते की येते. हलकी लेन्स पिशवीत भरून ठेवली आहे. बुलबुल तर बुलबुल.

पी-यून

*

चिलुंग, २२ जुलै

पी-यून,

खबरदार! त्या मुलाला कळवलं असशील तर आधी फिरव. हे पत्र उभ्याने वाच, कारण मी उभ्याने लिहिते आहे.

मी बरोबर होते म्हणतेस? मी साफ चुकले होते! म्हणे मी ट्रक विकत घेतला नाही. घ्यायला हवा होता! घेतला नाही म्हणून तर दर निवडणुकीला कुणीतरी येऊन मला म्हणालं, "सू-चू ताई, आता उतरा, पुढचं भाषण साहेबांचं." आणि मी उतरले. शब्द माझे, घसा माझा, पण पायाखालची फळी दुसऱ्याची. हे मला सत्तर वर्षांची झाल्यावर, तुझ्या पत्राने कळलं. तूही आता तसंच उतरणार? त्यांनी तुझं स्टूल गटारापाशी ठेवलं आणि तू काय केलंस, तर तोफही त्यांच्याच हवाली करून आलीस. चोराने देवळात उदबत्ती लावली म्हणून आपण उदबत्ती लावायची सोडतो का? उलट आपण दोन जास्त लावतो!

आता शांतपणे सांगते. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इथल्या बंदरावर गेले. तिथे घारींचे फोटो काढणारे उभे असतात. त्यातल्या एका लठ्ठ माणसाला मी विचारलं, "एवढं मोठं धूड कशाला घेतलंस रे?" तो म्हणाला, "आजी, लांब राहता यावं म्हणून." मी म्हटलं, "जवळ जाता येत नाही का?" तर हसून म्हणाला, "येतं की. पण मग घार निघून जाते. आणि मला घार हवी असते."

ऐकलंस? तुझ्या रांगेने तोफ घेतली आणि तरी जवळ जाऊन बसली. लांब बघायचं यंत्र घेऊन, वर बांबूला विळा बांधून! दुर्बीण घेऊन शेजारच्याच्या ताटात नाक खुपसणारी माणसं ती. दोष लेन्सचा नाही, पी-यून, दोष कुठे उभं राहायचं ते ठरवणाऱ्यांचा आहे. हलक्या लेन्सने तुला पुढे सरकावंच लागतं. मागे उभं राहायला ताकद लागते. ती तीन किलोंची आहे, एवढंच.

शेताच्या पलीकडचा, रस्त्यासमोरचा बांध त्साइ मावशीचा ना? तिथे कुणी बसत नसणार. का? कारण तिथून दुधाच्या दाताने काही दिसत नाही आणि तोफवाल्यांना गाडीपासून लांब चालवत नाही. तुझी जागा ती.

आणि हो, त्या लठ्ठ माणसाची लेन्स मी उचलून बघितली. होय, मी. त्याने तोंडावर हात ठेवला. मग मी ती खाली ठेवली, कारण तिसऱ्या श्वासाला हात थरथरायला लागला. जड आहे. खोटं बोलणार नाही. घे.

सू-चू

*

क्वानत्येन, ११ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र उभ्याने वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

पण तुमच्या भाषणावर लगेच टाळी वाजवली नाही. तुम्ही बाजू बदलली म्हणून मीही बदलावी असं थोडंच आहे! आधी हलकी लेन्स घेऊन त्साइ मावशीच्या बांधावर गेले. तिथून कमळपक्षी म्हणजे तांदळाचा दाणा. पण तो दाणा वर बघत नव्हता. रस्त्याकडच्या रांगेत कुणी स्टूल हलवलं की तो मान ताठ करायचा, माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. मी तिथे आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. चार सकाळी गेले. चारही दिवस मी त्याच्या लेखी नव्हतेच. वन्सं, पहिल्या ओळीत माझं स्टूल ठेवलं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग अस्थितज्ज्ञांकडे गेले. ते म्हणाले, "या वयात बायका तक्रार कमी करायला येतात, तुम्ही वाढवायला आलात." पण व्यायाम लिहून दिले. आणि लेन्स उचलून न्यायचीच नाही असं मी ठरवलं. बाजाराची दोन चाकांची ढकलगाडी आहे ना, जिच्यातून कोबी आणते, तिच्यात रजई घालून तोफ बसवायची. दिसायला हास्यास्पद आहे. असू दे.

दुकानात गेले तर दुकानदार कचरला. "काकू, सातवा महिना लागलाय. भुतांच्या महिन्यात लोक स्कूटरसुद्धा घेत नाहीत, आणि तुम्ही पाण्याकाठची वस्तू नेता? महिना उलटू द्या." मी म्हटलं, "महिना उलटेपर्यंत पिल्लं मोठी होतील. भुतांना सांग, काही म्हणणं असेल तर बांधावर या, जागा रिकामी आहे." त्याने दिली, पण दाराबाहेर येऊन उदबत्ती ओवाळली.

विकत घेतली, वन्सं. आता परत करायची सोय नाही.

त्याच रविवारी युंग-शेन आला, मला न्यायला. ओट्यावर तोफ बघितली आणि दारातच थांबला.

"आई, हे काय आहे?"

"माझं उत्तर."

"बाळाचं कोण करणार?"

"तू."

"मी? मला नोकरी आहे!"

"वेइ-निंगलाही आहे. मलाही चाळीस वर्षं होती. तुझी आजी तुला सांभाळत होती आणि सकाळ-संध्याकाळ रडत होती, ते तुला आठवत नाही, मला आठवतं. सुट्टी मिळते बापाला. अर्ज कर."

"लोक काय म्हणतील? एक आई आहे, ती पक्ष्यांसाठी नातवंड सोडते!"

"सोडत नाही. पहिला महिना येईन, कोंबडीचा रस्सा करून घालेन, बाळाला न्हाऊमाखू घालेन. मग परत. बाळ मोठं झालं की इकडे आण. आमच्या तळ्यात बाप उबवतो रे. जमतं त्याला. नुसतं बसायचं असतं, उठायचं नसतं."

तो हसला नाही. जेवला नाही. जाताना ढकलगाडीला लाथ बसली, मुद्दाम की चुकून ते मी विचारलं नाही. त्याचा फोन तुम्हाला येईल. या वेळी पाझर फुटू देऊ नका.

पी-यून

*

चिलुंग, १५ ऑगस्ट

पी-यून,

फोन आला. "आत्या, आई वेडी झाली आहे" अशी सुरुवात होती. मी म्हटलं, "बाळा, बस, तुला आज भाषण ऐकावं लागणार आहे." मध्ये दोनदा त्याने "हॅलो?" म्हटलं, आवाज येतोय की नाही बघायला. येत होता.

शेवटी म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघी एक झालात." मी म्हटलं, "दोघी नाही रे, दोन. एक झालो असतो तर भांडणार कोणाशी?"

अर्जाचं विचारतो म्हणाला. राग आहे. राहू दे. रागाने केलेल्या अर्जावरही सुट्टी मिळते.

रांगेचं कळव. एकदा मीच येणार आहे तिकडे, डोळ्यांनी बघायला.

सू-चू

*

क्वानत्येन, ३० ऑगस्ट

वन्सं,

ऐका.

त्याच शेतात दुसरं घरटं झालं आहे, पहिल्यापेक्षा जरा आत. रांगेनेही ते हेरलं. मी पलीकडच्या बांधावर, कोबीच्या गाडीतून तोफ काढून, गवताच्या आड बसले. मला बघून रस्त्यावरून हाका सुरू झाल्या. "काकू, वाट चुकलात का?" "इतक्या लांबून काय दिसणार? इकडे या, मागे जागा आहे!" मागे म्हणजे गटारापाशी. मी हात हलवला, जागची हलले नाही. बाप अंड्यांवर बसून होता. पानं त्याच्या पाठीवर टेकली होती. मला त्याचा फक्त डोळा आणि मानेचा सोनेरी तुकडा दिसत होता. तेवढाच काढला.

काल पहाटे धुकं होतं. ओउयांग सर रांगेच्या आधी आले. मी त्यांच्याही आधी आलेली होते, पण ते कशाला बघतील पलीकडे! त्यांनी गाडीतून बांबू काढला, विळा बांधला, चप्पल काढून पाण्याच्या काठाशी उतरले. मी लेन्स घरट्यावरून उचलली आणि त्यांच्यावर आणली. वन्सं, हलक्या लेन्समध्ये त्या उजेडात माणूस की खांब तेही कळलं नसतं. सहाशेमध्ये मला विळ्याची धार दिसली. त्यांच्या हनुवटीवरची न केलेली दाढी दिसली. बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं. शांत शेतावर तो आवाज पाण्यावरून थेट पलीकडे गेला.

त्यांनी वर बघितलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग समोर. माझं तोंड त्यांना दिसलं नसणार, धुकं होतं. दिसली असेल ती फक्त लेन्सची गोल काच. इतकी वर्षं या माणसाने ती काच मागून बघितली. पुढून ती कशी दिसते ते त्यांना काल कळलं.

"कोण आहे?" ओरडले.

"दुधाचा दात!" मी ओरडले. आवाज फाटला नाही.

"काकू, हे काय चाललंय? माणसांचे फोटो काढता?"

"पक्षी झाकलेला आहे, सर. जे उघडं आहे त्याचा काढते."

त्यांनी हातातल्या बांबूकडे बघितलं. बांबू पुढे केला असता तर मी पुन्हा दाबलं असतं, आणि घरट्याला हात लावणं गुन्हा आहे हे या तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ते त्यांनाही ठाऊक होतं. म्हणाले, "तुम्ही असं रोज बसणार आहात का?"

मी म्हटलं, "रोज."

त्यांनी विळा सोडला, बांबू गाडीत टाकला, चप्पल घातली. थोड्या वेळाने रांग आली. सगळ्यांनी तोफा लावल्या आणि सकाळभर पानांचे फोटो काढले. कुरबुर चालली होती, ती मला पलीकडे ऐकू येत होती. एकाने रागाने विचारलं, "सर, आज साफसफाई नाही झाली वाटतं?" त्यावर ओउयांग सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण आज सकाळी रांगेतली दोन स्टुलं रिकामी होती. माझ्याकडे कुणी आलं नाही. येऊ नये. मी काही नवी रांग लावायला बसलेले नाही.

तो फोटो मी कुणाला दिलेला नाही. देईन की नाही ते त्यांच्या हातात आहे. युंग-शेनचा निरोप आला, अर्ज मंजूर झाला. बाकी एक अक्षर नाही, नुसतं "मंजूर". मी उत्तर लिहिलं, "शाबास", ग्रुपवर, सगळ्यांसमोर.

खांदा ठणकतो आहे, औषध चोळून झोपते. तुम्ही येणार म्हणता. या. पिल्लं निघतील तेव्हाच या. पण आधीच सांगून ठेवते, बांध अरुंद आहे. स्टूल एकच मावतं, आणि ते माझं आहे.

पी-यून